आधी देखावा, मग सिनेमा

दादासाहेब फाळके यांच्या नावाने केंद्र सरकार १९६९ पासून पुरस्कार देत आलं आहे. पहिला मिळाला देविकाराणींना. त्यानंतरच्या यादीत नट आहेत, नट्या आहेत, दिग्दर्शक, निर्माते, गायक, संगीतकार, गीतकार आहेत, व्ही. के. मूर्तींच्या रूपाने छायालेखकही आहे. मात्र कलादिग्दर्शक हीच ज्याची ओळख, असा एकही माणूस त्या यादीत सापडत नाही. हा योगायोग म्हणून सोडून देता आला असता; पण ज्यांच्या नावाने हा सन्मान दिला जातो, त्यांचा मूळ धंदाच देखावे घडवण्याचा होता. ‘भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक’ ही पदवी आदराची खरी, पण तिच्यातून काहीच उलगडत नाही. फाळके सिनेमाकडे कुठल्या वाटेने आले, मुंबईत जम बसत असताना नाशिकला का गेले, तिथे त्यांचं काय साधलं आणि पुढे दहा-पंधरा वर्षांतच ते मागे का पडले, या प्रश्नांना ती पदवी हात घालत नाही. फाळके हे आधी कलादिग्दर्शक होते आणि कॅमेरा त्यांच्या हाती त्या कामाचं एक साधन म्हणून आला, असं धरून त्यांच्या कारकिर्दीकडे पाहिलं, तर या प्रश्नांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली दिसतात.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. त्यांना मुंबईत विल्सन कॉलेजात शिकवण्याची नोकरी मिळाली आणि कुटुंब मुंबईला आलं. १८८५ मध्ये धुंडिराज जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात, प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाताखाली, चित्रकला, मूर्तिकाम, वास्तुकलेचा अभ्यास आणि छायाचित्रण असं सगळं एकाच छताखाली शिकले. १८९२ मध्ये अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांना सुवर्णपदक मिळालं, ते एका आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीसाठी. ही नोंद चरित्रांमध्ये एका ओळीत उरकली जाते. मला मात्र ती कळीची वाटते. ल्युमिएर बंधूंचा सिनेमा मुंबईत यायला अजून चार वर्षं होती, आणि हा बावीस वर्षांचा तरुण रंगमंचाची लांबी-रुंदी, प्रेक्षकाची नजर आणि तिच्यासमोर मांडायची जागा यांचा हिशेब करून ती प्रतिकृतीत उभी करत होता. पुढे नाटकांचे पडदे रंगवणं, गोध्र्याला फोटो स्टुडिओ, पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी, लोणावळ्याला छापखाना आणि राजा रविवर्मा यांच्या नावाच्या प्रेससाठी शिळाछापाचं काम, मग दादरला लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स आणि १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रं पाहण्या-आणण्यासाठी जर्मनीची वारी. मधल्या काळात जादूचे प्रयोगही झाले. आडनाव उलटं करून ‘प्रोफेसर केल्फा’. १९१० च्या नाताळात गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला तेव्हा फाळके चाळिशीचे होते, आणि त्यातली पंचवीस वर्षं त्यांनी लोकांच्या डोळ्यांसाठी वस्तू बनवण्यात घालवली होती.

यावर पहिला आक्षेप सहज येईल. फाळके पटकथा लिहीत, दिग्दर्शन करत, कॅमेऱ्याचं तंत्र सांभाळत, फिल्म धुवत, जोडत, रंगभूषा करत. मग त्यातली एकच गोष्ट उचलून त्यांना कलादिग्दर्शक का म्हणायचं? शिवाय तो हुद्दा तेव्हा अस्तित्वातच नव्हता. दुसरा मुद्दा आधी घेतो. हुद्दा नव्हता हे खरं, पण मग दिग्दर्शकाचा तरी कुठे होता? नाव नसलं तरी काम असतं. पहिला मुद्दा जास्त वजनदार आहे, आणि त्याला उत्तर कामांच्या क्रमातून द्यावं लागतं. १९१२ च्या फेब्रुवारीत फाळके लंडनला गेले, वॉल्टनला सेसिल हेपवर्थचा स्टुडिओ पाहिला, विल्यमसन कॅमेरा घेतला आणि काही आठवड्यांत परत आले. कॅमेऱ्याचं प्रत्यक्ष शिक्षण एवढंच. आल्यावर त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपली आणि ते चित्रण दाखवून भांडवल उभं केलं. म्हणजे जे काही महिन्यांत शिकता आलं ते शिकले. जे शिकायला पंचवीस वर्षं लागतात ते गाठीशी होतं. याला आणखी एक तांत्रिक बाजू आहे. त्या काळची फिल्म सगळ्या रंगांना सारखी दाद देत नसे. लाल रंग तिला काळा दिसे, निळं आकाश पांढरंफटक होऊन जाई. त्यामुळे कॅमेऱ्यासमोरचा पडदा डोळ्याला छान दिसतो तसा रंगवून भागत नसे. कोणता रंग करड्या छटांच्या उतरंडीत कुठे जाऊन बसेल, हे आधी ओळखावं लागे. तीन रंगांचे ठसे वेगळे करून चित्र छापणाऱ्या माणसाचं सगळं आयुष्य याच ओळखण्यात जातं. लंडनमध्ये ही विद्या मिळाली नसती आणि नाटक मंडळीच्या पेंटरकडेही ती नव्हती.

दादरच्या मथुरा भवनात ‘राजा हरिश्चंद्र’ उभा राहिला, तो मराठी नाटकाच्या पडद्यांच्या परंपरेतून. राजवाड्याचा पडदा, जंगलाचा पडदा, रस्त्याचा पडदा अशी ठरलेली जंत्री प्रत्येक मंडळीकडे असे आणि एका नाटकाचा पडदा दुसऱ्याला बिनदिक्कत चाले. फाळक्यांनी पडदे स्वतः रंगवले, पण ते घेऊन ते उन्हात आले, कारण प्रकाश सूर्याचाच होता. वांगणीला बाह्यचित्रण झालं. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये चित्रपट लागला. आज पाहायला मिळतात ती पहिली आणि शेवटची रिळं, आणि तीदेखील मूळ चित्रपटाची नसून १९१७ मध्ये फाळक्यांनी तो पुन्हा चित्रित केला त्या आवृत्तीची असावीत, असं जाणकारांचं मत आहे. तेव्हा त्यांवरून फार मोठे इमले बांधू नयेत. तरीही चौकट कशी भरली आहे, हे दिसतंच. राजा मुलाला धनुर्विद्या शिकवतो आणि राणी पाहते, या पहिल्याच दृश्यात माणसं अशी उभी आहेत की चित्रणाच्या आधी कुणीतरी ती कागदावर मांडली असावीत असं वाटतं. कॅमेरा हलत नाही, चेहरे समोर वळलेले, मागची वास्तू डोळ्यांत भरावी म्हणून रिकामी ठेवलेली. आशिष राजाध्यक्षांनी ‘फाळके युगा’वरच्या आपल्या निबंधात रविवर्मा यांच्या चित्रप्रतिमेशी असलेलं हे नातं दाखवून दिलं आहे, त्यांचा रोख परंपरा आणि आधुनिक तंत्र यांच्या ताणाकडे आहे. मी त्यात एवढंच जोडेन की हे नातं शैलीपुरतं नव्हतं, ते पोटापाण्याचं होतं. फाळक्यांनी रविवर्मा यांचे देवादिक शिळेवर उतरवून छापले होते. त्या देवांना चालायला लावणं हे छापखान्याचंच पुढचं काम होतं.

आता नाशिक. ‘राजा हरिश्चंद्र’ चालला, पैसा दिसू लागला, आणि त्याच वर्षी फाळके मुंबई सोडून नाशिकला गेले. व्यवहाराच्या दृष्टीने ही उलटी चाल होती, कारण चित्रपटगृहं, वितरण, कच्ची फिल्म, सावकार हे सगळं मुंबईत होतं. जन्मगाव जवळ, खर्च कमी, दादरपेक्षा मोकळी जागा, अशी कारणं दिली जातात आणि ती खोटी नाहीत. पण एवढ्याने भागत असतं तर कल्याण किंवा पुणं चाललं असतं. नाशिकमध्ये जे होतं ते बांधून घ्यायला कुठल्याही कंपनीला परवडलं नसतं. गोदावरीचे दगडी घाट, रामकुंड, पंचवटीतलं काळाराम मंदिर, जुने वाडे, शहराबाहेर पांडवलेणी, आणि अठ्ठावीस-तीस किलोमीटरवर ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी त्र्यंबकेश्वर. पौराणिक चित्रपट काढणाऱ्याला जे लागतं त्यातलं निम्मं इथे काळ्या पाषाणात उभं होतं, आणि जो प्रेक्षक रामायण मानत होता, त्याच्या मनात पंचवटीचा पत्ता आधीच लिहिलेला होता. नाशिकला आल्यावरच्या अगदी सुरुवातीच्या कामांत ‘नाशिक-त्र्यंबक येथील देखावे’ हा लघुपट आहे. म्हणजे नव्या जागेत येऊन फाळक्यांनी आधी जागाच टिपली. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या स्त्रिया पडद्यावर आल्या, म्हणून तो चित्रपट इतिहासात नोंदला गेला, आणि ते योग्यच आहे, पण त्याबरोबरच नाशिकच्या उन्हात आणि दगडात पौराणिक जग बसवून पाहण्याचा तो पहिला मोठा प्रयत्न होता, हे सहसा कुणी सांगत नाही.

इथे कुणी म्हणेल की निसर्गाने आणि पेशव्यांच्या काळातल्या गवंड्यांनी जे करून ठेवलं त्याचं श्रेय कलादिग्दर्शकाला कसं द्यायचं? द्यायचं ते निवडीचं. घाटावर कॅमेरा कुठल्या पायरीवर ठेवला तर मागची गर्दी सुटते, कुठल्या कोनातून घाट द्वापरातला वाटतो, रंगवलेल्या राजवाड्यातून बाहेर पडलेला नट ज्या अंगणात येतो ते त्याच राजवाड्याचं वाटेल का, हे ठरवणं म्हणजेच कलादिग्दर्शन. आणि ते दरवेळी साधलेलं नाही, हेही कबूल करायला हवं. उरलेल्या तुकड्यांत रंगवलेलं आणि खरं यांचा सांधा अनेकदा उघडा पडतो. कापडावरची कमान कापडाचीच राहते आणि शेजारचं झाड मात्र झाड असतं.

फाळक्यांची खरी ताकद दिसते ती बनवलेल्या वस्तूंत. नाशिकच्या काळातले त्यांचे गाजलेले विषय ओळीने पाहा. ‘लंकादहन’ (१९१७), ‘श्रीकृष्ण जन्म’ (१९१८), ‘कालिया मर्दन’ (१९१९). प्रत्येकाच्या पोटात एक घडवायची वस्तू आहे. लंका जाळायची तर जाळता येईल अशी लंका आधी उभी करावी लागते. यमुनेतून कृष्ण वर येतो तो शेषाच्या फण्यांवर उभा राहून, आणि ते फणे कुणीतरी बनवलेले असतात. कालिया पाण्यात कृष्णाला वेढे घालतो, तेव्हा त्या नागाला वजन पेलावं लागतं, वळावं लागतं आणि हास्यास्पद दिसून चालत नाही. ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंखे यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या, ही गंमत सगळे सांगतात; त्या गमतीचाही अर्थ असा की फाळक्यांच्या चौकटीत नटापेक्षा वेश, अलंकार आणि मागचा देखावा जास्त बोलत होता. यालाही उत्तर दिलं जाईल की या सगळ्या कॅमेऱ्याच्या करामती होत्या, त्यांत कला-विभागाचं काय? पण करामत कॅमेऱ्यात अर्धीच असते. एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करून दोन प्रतिमा एकत्र आणायच्या, तर पहिल्या वेळी जिथे काही उमटू द्यायचं नाही तिथे काळं कापड लागतं, आणि दुसऱ्या वेळची आकृती नेमकी त्या रिकाम्या जागेत बसेल असं मोजमाप लागतं. ‘श्रीकृष्ण जन्म’मध्ये कंसाला भास होतो, त्याचं शिर धडावेगळं होऊन वर जातं आणि पुन्हा येऊन बसतं, हा तुकडा आजही पाहता येतो. हँडल फिरवणाऱ्यापेक्षा दृश्य आखणाऱ्याचं डोकं त्यात जास्त लागलं आहे. ‘आगकाड्यांची मौज’ या छोट्या चित्रपटात तर नट नाहीतच. आगकाड्या हलवून एकेक चौकट टिपलेली. पॅरिसजवळ मॉन्त्रोईला जॉर्ज मेलिएसनेही अशाच करामती केल्या होत्या. तोही जादूगार, तोही आपले देखावे स्वतः रंगवणारा, आणि पुढे तोही मोठ्या भांडवलाच्या कंपन्यांपुढे टिकला नाही. या साम्याकडे मी नंतर येतोच.

नाशिकची कंपनी म्हणजे एक भलंमोठं घर होतं, आणि ते घर फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंच्या जिवावर चालत होतं. दादरपासूनच त्या फिल्मला भोकं पाडणं, धुणं, उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडणं ही कामं करत आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही करत. प्रकाशयोजनेचा पहिला भारतीय मदतनीस कोण, असं कुणी विचारलं तर मी त्यांचंच नाव घेईन.

सगळ्यांत कठीण आक्षेप कोल्हापूरहून येतो, आणि तो टाळण्यासारखा नाही. भारतीय चित्रपटाचा पहिला खरा कलादिग्दर्शक कोण, याचं उत्तर बहुतेक अभ्यासक बाबूराव पेंटर असं देतील. बाबूराव (मूळ आडनाव मेस्त्री) आणि त्यांचे चुलतबंधू आनंदराव नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत. ‘राजा हरिश्चंद्र’ पाहून त्यांनी स्वतःचा कॅमेरा बनवायचं घेतलं. १९१६ मध्ये आनंदराव गेले, तरी बाबूरावांनी तो पुरा केला. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये आला. पेंटरांनी रंगीत पडद्याऐवजी खोली असलेले, लांबी-रुंदी-उंची तिन्ही असलेले सेट उभारले, ‘सिंहगड’साठी कृत्रिम प्रकाशात रात्रीची दृश्यं टिपली, ‘सावकारी पाश’मध्ये शेतकऱ्याची झोपडी राजवाड्याइतक्याच मन लावून उभी केली. कलादिग्दर्शन म्हणजे खोटी वास्तू खरी वाटायला लावणं, अशी व्याख्या केली तर पेंटर निःसंशय पुढे आहेत आणि फाळके पडदे रंगवणारेच राहतात. मला ही व्याख्या अपुरी वाटते. पेंटरांनी वास्तू ठोस केली. फाळक्यांनी चमत्कार ठोस केला. झोपडी सगळ्यांनी पाहिलेली असते, तिच्याशी ताडून पाहता येतं. शेषशायी किंवा जळती लंका कुणी पाहिलेली नसते; ती पहिल्यांदा दाखवणाऱ्याला प्रेक्षकाच्या मनातलं चित्र आधी ओळखावं लागतं आणि मग त्याला पुरून उरावं लागतं. ही दोन वेगळी कसबं आहेत. आणि मुख्य गोष्ट अशी की नाशिकचा आणि कोल्हापूरचा, दोन्ही माणसं एकाच पेठेतून आली. मराठी सिनेमाचा पाया नाटककारांनी किंवा नटांनी घातला नाही, रंगाचे डबे हाताळणाऱ्यांनी घातला. पेंटर फाळक्यांहून सरस होते असं मान्य केलं, तरी त्याने माझं म्हणणं कमकुवत होण्याऐवजी पक्कंच होतं.

मग फाळके मागे का पडले? भागीदारांशी भांडण, हे नेहमीचं उत्तर. १९१८ मध्ये वामन श्रीधर आपटे, मायाशंकर भट्ट आदी पाच भागीदारांसह हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली, आणि वर्ष-दीड वर्षात खटके उडून फाळके काशीला निघून गेले. तिथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिलं. सिनेमावाल्याने रागावून लिहिलं तेही नाटकाच्या धंद्याविषयीच. काही वर्षांत ते नाशिकला परतले आणि १९२० च्या दशकभर चित्रपट काढत राहिले. भांडणं पैशावरून झाली हे खरं, पण पैसा कशावर जात होता हेही विचारायला हवं. भांडवल घालणाऱ्याला ठरल्या मुदतीत ठरल्या खर्चात चित्रपट हवा असतो. वस्तू बनवणाऱ्याला ती वस्तू जमेपर्यंत वेळ हवा असतो. नाशिकला ही ओढाताण कधी मिटली नाही, कारण दोन्ही हिशेब एकाच माणसाच्या डोक्यावर होते. सिनेमाचा धंदा मोठा होत गेला तसा तो विभागांत वाटला गेला. मेलिएसच्या बाबतीत हेच झालं. स्वतः रंगवणारा, स्वतः टिपणारा, स्वतः विकणारा माणूस त्या व्यवस्थेत मावत नाही.

आवाज आल्यामुळे फाळके संपले, हे दुसरं लोकप्रिय उत्तर. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला. फाळक्यांचा ‘सेतुबंधन’ १९३२ मध्ये मूक म्हणून पुरा झाला आणि त्याला मागाहून आवाज जोडावा लागला, हे दुर्दैव खरंच. तरी आवाजाने देखाव्याचं महत्त्व कमी झालं, असं म्हणता येत नाही. त्याच १९३२ मध्ये प्रभात फिल्म कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ आला. गोष्ट तीच हरिश्चंद्राची, जिच्यावर फाळक्यांनी एकोणीस वर्षांपूर्वी सुरुवात केली होती. त्यात गाणी होती, संवाद होते आणि भव्य सेटही होते. फरक एवढाच की सेट एस. फत्तेलालांचे, आवाज विष्णुपंत दामल्यांचा आणि दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचं. कलादिग्दर्शन संपलं नव्हतं, तो आता एका माणसाचा स्वतंत्र हुद्दा झाला होता. फाळक्यांना त्या हुद्द्यावर बसता आलं असतं का? मला शंका आहे. १९३७ मध्ये, सदुसष्टाव्या वर्षी, त्यांनी कोल्हापूर सिनेटोनसाठी ‘गंगावतरण’ केला. हा त्यांचा एकमेव बोलपट आणि शेवटचा चित्रपट. विषय पाहा, पुन्हा चमत्कारच, आकाशातून नदी उतरवायची. दुसऱ्याच्या स्टुडिओत, दुसऱ्याच्या पैशाने, तरीही दिग्दर्शक म्हणून. देखाव्याचं काम दुसऱ्याकडे सोपवून किंवा फक्त तेवढंच हाती घेऊन ते कधी उभे राहिले नाहीत. त्यानंतर ते नाशिकलाच राहिले आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी तिथेच वारले.

‘गंगावतरण’ आला त्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात प्रभातचा ‘संत तुकाराम’ गौरवला गेला. त्याचे दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल, दोघेही बाबूराव पेंटरांच्या तालमीत पडदे आणि रंग हाताळत मोठे झालेले. फाळक्यांनी जे एकट्याने करायचा हट्ट धरला, ते या दोघांनी आपसात वाटून घेतलं होतं.